लवंगेचं तेल फवारलं, तुडतुडे पळाले, चौथ्या दिवशी परत आले

प्रश्न : नमस्कार, मी चोपडा तालुक्यातला. 4 एकर कपाशी आहे. पावसाने उघडीप दिली आणि पानाचा रस शोषणारे तुडतुडे लई वाढले, पानं कडेने पिवळी पडून आकसायला लागली. कृषी केंद्रात लवंग आणि सिट्रोनेला (एक सुवासिक गवत) तेलाची बाटली दिली, म्हणे पूर्ण नैसर्गिक. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी पानाखाली एकपण तुडतुडा नव्हता, चौथ्या दिवशी जैसे थे. मग पंपाला डबल टाकून भर दुपारी फवारलं तर शेंड्याची कोवळी पानं करपली. ही फसवणूकच आहे का?

उत्तर : भाऊ, फसवणूक म्हणणार नाही, पण तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगून बाटली हातात दिली आणि याचा मला खरंच राग येतो. ही तेलं काम करतात. किड्याच्या अंगात ऑक्टोपामाइन नावाचं रसायन असतं, त्याच्या जोरावर त्याचं उडणं-चालणं होतं, लवंगेतलं युजेनॉल नेमकं तिथे गोंधळ घालतं, आणि माणसात, गुराढोरात ते काम दुसरी रसायनं करतात म्हणून आपल्याला त्याचा धोका कमी. कमी म्हणजे नाहीच असं नाही हं, शुद्ध लवंग तेल हाताला लागलं तर आग होते, डोळ्यात गेलं तर विचारूच नका, त्यामुळे नैसर्गिक असलं तरी हातमोजे घालायचेच.

आता तुमचा चौथा दिवस. बाटलीचं झाकण काढलं की खोलीभर वास येतो ना, तो वास म्हणजे ते तेलच असतं, हवेत उडून चाललेलं. आपल्याकडच्या उन्हात उघड्या शेतात ते पानावर किती टिकणार, काही तास, फार तर एक-दोन दिवस. तेवढ्यात जे तुडतुडे सापडले ते मेले किंवा पळाले, पण पानाच्या शिरेत घातलेली अंडी तशीच राहिली, त्यातून पिल्लं निघाली आणि शेजारच्या शेतातूनही नवे उडून आले. मात्रा डबल केल्याने तेल जास्त दिवस टिकत नाही, फक्त पान जास्त भाजतं. त्यात भर दुपारी फवारणी, आणि तेल पाण्यात नीट मिसळलं नसेल तर पंपात वर तरंगतं, मग काही झाडांवर नुसतं पाणी पडतं आणि काहींवर निव्वळ तेल.

म्हणून पुढच्या वेळी आधी पानं उलटी करून मोजा. पानामागे 2-3 तुडतुडे सापडायला लागले तरच फवारा, ऊन उतरल्यावर फवारा, पानाच्या खालून फवारा, आणि नवीन औषध असेल तर पहिले 5-6 झाडांवर मारून दोन दिवस थांबा. बाटलीवर कीटकनाशक म्हणून नोंदणी नंबर आहे का ते बघा, नसेल तर घेऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर लवंगेपेक्षा निंबोळीवर भर दिला असता. बरेच जण निंबोळीलापण याच तेलात धरतात पण ती वेगळी, तिचं काम वासावर नाही. तिच्यातल्या अझाडिरॅक्टिनमुळे किड्याचं खाणं मंदावतं आणि पिल्लांना कात टाकता येत नाही, त्यामुळे लगेच मेलेले दिसत नाहीत, धीर धरावा लागतो. 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी कपड्याने गाळा, 200 ग्रॅम साबणाचं पाणी घाला आणि एकूण 100 लिटर करा, झाला 5 टक्के अर्क. त्याच दिवशी संपवायचा. बांधावरच्या निंबाच्या निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटाला वेचून सावलीत वाळवून ठेवल्या तर खर्च जवळपास नाहीच.

एक सांगतो, गुलाबी बोंडअळीला यातलं काही लावत बसू नका. अंड्यातून निघाली की ती लगेच फुलात-बोंडात घुसते, तिथे वास पोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाने तिचे नर पतंग ओढून पकडणारे, एका सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग आले की मग उपाय करायचा.

प्रश्न : मी शिंदखेड्याहून. हरभऱ्याला कोठीत भुंगे लागतात. निलगिरीचं तेल टाकलं तर चालेल का?

उत्तर : ताई, शेतात जे तेल उडून जातं तेच बंद कोठीत कोंडून राहतं, म्हणून मोठे भुंगे मरतात, तुमचा विचार बरोबर आहे. पण दाण्याच्या आत असलेल्या अळीपर्यंत ते फारसं पोचत नाही, आणि खायच्या हरभऱ्याला वास लागतो. बियाण्यात तर नकोच, उगवण कमी होऊ शकते. त्यापेक्षा कडक ऊन द्या, गार झाल्यावर किलोला 5 मिली खायचं तेल चोळा आणि झाकण घट्ट लावा, दाण्यावर अंडी चिकटली तरी पुढे वाढत नाहीत. भरायच्या आधी रिकामी कोठी मात्र निलगिरीच्या तेलाचा बोळा ठेवून 2-3 दिवस बंद ठेवा, मग उघडून वास जाऊ द्या, सांदीकोपऱ्यातले जुने भुंगे त्यात जातील.