दहा आठवड्यांची पिल्लं अजून तुझ्याकडे का?

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. तू शेल्टरसाठी, म्हणजे जनावरांच्या निवाऱ्यासाठी, घरी सांभाळतेस ती मांजराची दोन्ही पिल्लं कायमची न्यायला नाशिकचं कुटुंब तयार आहे आणि तू अजून होकार दिलेला नाहीस. का, तर घरात शाळकरी मुलगा आहे, बाई फोनवर जरा चढ्या आवाजात बोलल्या आणि आजी दिवसभर घरात असते. मुलाचं आणि आवाजाचं पुढे बोलते. पण आजी हे नकाराचं कारण कसं होतं? दिवसभर घरात माणूस आहे, दुपारभर ज्याच्या मांडीवर झोपता येईल असं माणूस. मांजराला याहून काय हवं असतं?

म्हणून बाकीचं लिहिण्याआधीच सांगते: वेळेवर दे.

तू त्यांच्यासाठी काय केलंस ते मी पाहिलं आहे. शेल्टरमधून आली तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांची, डोळे चिकटलेले, अंग गार. त्या रात्री तू घाईने दूध पाजायला गेली नाहीस. गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून शेजारी ठेवलीस आणि अंग ऊबदार झाल्यावरच पाजलंस. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, हे मी तुला एकदाच सांगितलं होतं. गाईचं दूध नाही, मांजराच्या पिल्लांची पावडरच. पालथं धरून पाजायचं, उताणं कधीच नाही. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची. दर तीन तासांनी गजर. आणि ती वही! स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करून तू लिहायचीस: दहा ग्रॅम, बारा ग्रॅम, एका दिवशी शून्य आणि पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह. अशी वही ठेवणारं कुणी शेल्टरला रोज भेटत नाही. म्हणूनच मला तुझा राग येतोय.

शेल्टरला आपली घरं कशासाठी लागतात, ते आठव. शेल्टरमध्ये आजारी जनावरं येणारच, ती जागा त्यांच्यासाठीच आहे. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया आणि कुत्र्यांचा पार्वो हे एकाच घराण्यातले विषाणू, जमिनीवर, भांड्यांवर, फडक्यांवर महिनोन् महिने टिकतात. पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून लस देता येते, पण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ती लस निष्प्रभ करू शकते. ती नेमकी कधी ओसरेल याचा भरवसा नसतो, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत डोस द्यावे लागतात. त्या मधल्या काळात पिल्लू शेल्टरच्या पिंजऱ्यात असणं म्हणजे जिवाशी खेळ. तो काळ निभावायला तुझं बाथरूम आहे, माझी मागची खोली आहे. परवा शेल्टरने तुला चार पिल्लांसाठी विचारलं, आई गाडीखाली गेलेली. तू म्हणालीस जागा नाही. जागा का नाही? तर स्वतःचं स्वतः खाणारी, शी-शूसाठी लिटर ट्रे वापरणारी, घर मिळालेली दोन धडधाकट पिल्लं तिथे राहताहेत. वेळेवर दे म्हणते ते याचसाठी.

दुसरं कारण पिल्लांचंच आहे. आठ ते बारा आठवडे हा त्यांना द्यायचा उत्तम काळ. खेळायला उत्सुक असतात, नवी माणसं पटकन आपली करतात. एक-दोन दिवस पलंगाखाली बसतील, मग बाहेर येतील. चार महिन्यांची झाली की लोक फोटो बघून पुढे सरकतात. त्यातून तुझी एक काळी आहे. काळं मांजर दारात नको म्हणणारी, फोन मध्येच ठेवून देणारी माणसं मी आयुष्यभर ऐकली आहेत. इथे एक कुटुंब काळीसकट दोघींना एकत्र न्यायला तयार आहे आणि तू आवाजाची पट्टी मोजत बसलीस.

माझ्याकडे एक तपकिरी कुत्रा होता. खरजेने पूर्ण केस गेलेलं पिल्लू म्हणून आला. उपचाराला महिने लागले. केस परत आले, फार देखणा दिसायला लागला, पण तोवर त्याचं लहानपण संपलं होतं. बघायला येणारे म्हणायचे, "छान आहे हो, पण लहान नाही का एखादं?" शेवटी तो शेल्टरच्या आवारात परत गेला. अजून तिथेच आहे, मी गेले की जाळीला पंजे लावून उभा राहतो. त्याचं मला फार वाटतं. तूच ठेवून घ्यायचा होतास, असं मला तोंडावर म्हणणारे नातेवाईक आहेत. तुझ्या मेसेजमध्येही तोच सूर आहे, "काकू, तुम्हाला देताना काहीच वाटत नाही का?"

वाटतं. प्रत्येक वेळी वाटतं. पण तो राहिला असता तर मागची खोली त्याची झाली असती, आणि त्यानंतर तिथे वाढलेली सगळी पिल्लं कुठे गेली असती? एक ठेवला, मग दुसरी ठेवली, मग फॉस्टर करणं, म्हणजे घर मिळेपर्यंत पिल्लं सांभाळणं, थांबलं, अशी घरं मी पाहिली आहेत. त्या घरांत प्रेमच आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर रात्री फोन आला की ती घरं नाही म्हणतात. खोली भरलेली म्हणून मीही काही फोनना नाही म्हटलं आहे, आणि मला झोप लागत नाही ती त्या फोनांमुळे, दिलेल्या पिल्लांमुळे नव्हे. मला कठोर म्हणायचं तर म्हण. मी बदलणार नाही.

आता खात्रीचं. आतून वाटण्यावर सोडू नकोस, विचारायचं ते विचार. घरातल्या सगळ्यांचा होकार आहे का? घर भाड्याचं असेल तर मालकाला माहीत आहे का? बदली झाली, बाळ झालं, तर मांजरं कुठे जातील? नसबंदी करणार ना? आणि खिडक्यांना, बाल्कनीला जाळी आहे का? या शेवटच्या बाबतीत अजिबात मऊ होऊ नकोस. जाळी बसल्याचा फोटो आल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही, चौथ्या मजल्यावरून पडलेलं मांजर मी उचललेलं आहे. मुलाचं म्हणशील तर व्हिडिओ कॉलवर त्याच्याशीच बोल. मांजर झोपलं असताना तू काय करशील, एवढं विचार. त्याच्या उत्तरावरून तुला बरंच कळेल. आवाजाचं सोडून दे, माझाही आवाज चढाच आहे.

तुझ्या सोसायटीचे सेक्रेटरी मांजरं ठेवू देणार नाहीत, ही चिंताही सोड. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाने 2015 च्या सूचनांमध्ये स्पष्ट केलं आहे. जिने स्वच्छ ठेव आणि नम्रपणे बोल.

आज संध्याकाळी नाशिकला फोन कर. लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, सध्याचं खाणं आणि तुझं एक न धुतलेलं फडकं सोबत दे, ओळखीच्या वासाने पिल्लं लवकर रुळतात. पुढचा डोस कधी, रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, हे कागदावर लिहून दे. दोन्ही भाटी आहेत, चौथ्या महिन्यातच माजावर येऊ शकतात, तेव्हा नसबंदीची तारीख तूच आठवण करून दे. घरातल्या औषधांबद्दल आजींना आवर्जून सांग: पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावायचं नाही.

ती गेली की बाथरूम फिनाइलने पुसू नकोस. फिनाइल मांजरांना बाधतं आणि या विषाणूंवर त्याचा भरवसाही नाही. आधी साबणाने घासून घे, मग एक लिटर पाण्यात साधारण 30 मिली घरगुती ब्लीच घालून फरशीवर दहा मिनिटं राहू दे, नंतर भरपूर पाण्याने धू. वाळलं की शेल्टरला कळव, बाथरूम मोकळं आहे.

आणि एक राहिलंच. तू स्वतः रेबीजची चावण्याआधीची लस घेतलीस का? 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी अशी तीन इंजेक्शनं असतात. नवी पिल्लं घरात येण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन सुरू कर आणि पहिलं घेतलं की मला मेसेज कर.

तुझी,
काकू