गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) घेतलास? आधी पावसाची वाट बघ

किरणोत्सर्गी खनिजांचे दगड लगेच विकत घेऊ नकोस. आधी तासभर नुसती पार्श्वभूमी, म्हणजे आजूबाजूला कायमच असणारा किरणोत्सर्ग, मोज. आकडा सतत हलेल; तो यंत्राचा दोष नाही, कुठल्या अणूचं केंद्रक कधी ढासळेल हे ठरलेलंच नसतं. 100 टिकटिक आल्या तर 10 इकडेतिकडे धरायच्याच.

मग पाऊस सुरू झाला की गाडीचं ओलं बॉनेट टिश्यूने पुसून तो लगेच काउंटरच्या नळीजवळ धर. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून तयार झालेलं शिसं-214 आणि बिस्मथ-214 सरींबरोबर खाली येतं. अर्धायुष्य (निम्मे अणू ढासळायला लागणारा वेळ) साधारण 27 आणि 20 मिनिटं, त्यामुळे तासा-दोन तासांत आकडा उतरताना दिसतो. दोन्ही मिसळलेली असल्याने आलेख पुस्तकातल्या एकाच अर्धायुष्याच्या आलेखासारखा येणार नाही, आणि मजा तिथेच आहे! जुन्या घड्याळांच्या रेडियम तबकड्या मात्र उघडू नकोस.