‘सरस-निरस मानाने वाटप’ म्हणजे काय?

वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यात ‘मिळकतीचे सरस-निरस मानाने वाटप होऊन वादीस त्याच्या हिश्श्याचा स्वतंत्र कब्जा मिळावा’ अशी मागणी असते. त्यातील ‘सरस-निरस’चा अर्थ काय, आणि घरात ज्याला ‘वाटणी’ म्हणतात त्याला वकील ‘वाटप’ का म्हणतात, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे.

‘रस’ म्हणजे येथे जमिनीचा कस आणि तिचे मोल. संस्कृत संधीप्रमाणे शुद्ध रूप ‘नीरस’ असे होईल. परंतु दाव्याच्या कागदांत ऱ्हस्व ‘नि’च रुळला आहे, आणि ‘कंटाळवाणे’ हा ‘नीरस’चा नेहमीचा अर्थ तेथे मुळीच अभिप्रेत नसतो. ‘मानाने’ म्हणजे प्रमाणाने. तेव्हा जमिनीतील डावे-उजवे पाहून, कोणाच्याही पदरी केवळ सरस किंवा केवळ निरस भाग पडणार नाही अशा रीतीने केलेले वाटप, असा याचा अर्थ होतो.

समजा, सहा एकरांच्या गटात तीन भावांचे सारखे हिस्से आहेत. विहीर आणि रस्ता पूर्वेकडे आहे, तर पश्चिमेची बाजू मुरमाड असून तिचा काठ ओढ्याने खाल्लेला आहे. साखळी लावून प्रत्येकाला दोन एकर मोजून दिले, तर क्षेत्र समान होते, हिस्सा मात्र होत नाही. सरस-निरस पाहायचे म्हटले की पूर्वेकडच्याला क्षेत्र थोडे कमी द्यावे लागते, किंवा विहीर समाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागतात, किंवा चांगला भाग घेणाऱ्याने इतरांना फरकाची रक्कम द्यावी लागते. ‘एक तृतीयांश’ या आकड्याबद्दल पुष्कळदा कोणाची तक्रार नसते; खरे भांडण कोणता तृतीयांश, याचे असते, आणि म्हणून ही शब्दजोडी मला निव्वळ दप्तरी अलंकार वाटत नाही.

हे भांडण निकालानंतर पुन्हा का उफाळते, याचे कारण कार्यपद्धतीत आहे. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे, शेतसारा आकारलेल्या जमिनीच्या दाव्यात न्यायालय प्राथमिक हुकूमनाम्याने, म्हणजे अंतिम वाटपाआधीच्या निकालाच्या आदेशाने, हिस्से ठरवते. प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम कलम ५४ अन्वये जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला दुय्यम राजपत्रित अधिकारी करतो. घरजागेसाठी कोर्ट कमिशनर, म्हणजे न्यायालयाच्या वतीने हे काम करणारी व्यक्ती, नेमला जातो. म्हणजे आकडा एका टेबलावर ठरतो आणि सरस-निरसचा प्रश्न दुसऱ्या टेबलावर, मोजणीच्या वेळी उभा राहतो.

आता ‘वाटणी’ आणि ‘वाटप’. ‘ती वाटणी’ या शब्दात वाटण्याची क्रियाही येते आणि वाट्याला आलेला भागही येतो. म्हणून ‘माझ्या वाटणीची जमीन’ असे सहज म्हणता येते, ‘माझ्या वाटपाची’ असे कोणी म्हणत नाही. ‘ते वाटप’ केवळ क्रिया दाखवते. दाव्यात क्रिया मागायची असते, म्हणून तेथे ‘वाटप’ नेमके बसते, आणि मिळणाऱ्या भागासाठी ‘हिस्सा’ हा वेगळा शब्द वापरला जातो. तरीही ‘वाटणीपत्र’ हा शब्द कागदोपत्री चालतोच, त्यामुळे घरातला शब्द चुकीचा मानण्याचे कारण नाही.

घरगुती ‘वाटणी’ मात्र एका ठिकाणी फसवी ठरते. भाऊ आपापला तुकडा वर्षानुवर्षे कसतात आणि त्यालाच ‘आमची वाटणी झाली आहे’ म्हणतात. पुढे दावा दाखल झाला की प्रतिवादी ‘पूर्वीच तोंडी वाटप झाले’ असे कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहितो, तर वादीचे म्हणणे असते की ती निव्वळ ‘सोयीची वहिवाट’, म्हणजे सोयीसाठी वेगवेगळे कसणे, होती आणि मालकी समाईकच राहिली. वेगवेगळे कसणे एवढ्यावरून वाटप सिद्ध होत नाही. हिस्से कायमचे तोडण्याचा इरादा होता का, हे पुराव्यावरून ठरवावे लागते.

याच्या जोडीला ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘खातेफोड’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ८५ खाली सहधारकांच्या, म्हणजे जमीन समाईक धारण करणाऱ्यांच्या, अर्जावरून होणाऱ्या वाटपाला लोक हे नाव देतात. तेथे कोणी मालकीहक्काचाच वाद काढला, तर दिवाणी दाव्यात त्याचा निर्णय होईपर्यंत वाटप करता येत नाही. मग खाते फोडायला निघालेल्यांनाही शेवटी सरस-निरस मानाने वाटप मागणारा दावाच लिहावा लागतो.