आराखडा शाहिरांच्या वर्षावर बेता

प्रश्न : केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कनिष्ठ फेलोशिपसाठी अर्ज करतोय. विषय आहे मुंबईतल्या कोकणी चाकरमान्यांचा शक्ती-तुरा, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांतला गाण्यांमधला सवाल-जवाब. कामाचा आराखडा असा लिहिलाय : पहिले सहा महिने वाचन, पुढचे सहा मुलाखती, मग विश्लेषण, शेवटी लेखन. मित्र म्हणतो, हा कुठल्याही विषयाला चालेल. काय बदलू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : मित्राचं ऐका. 1982च्या संपाआधी गिरणीची पाळी सांभाळून गाणारे शाहीर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना सातव्या महिन्यापर्यंत थांबवणं मला अजिबात पटत नाही. त्यांच्या मुलाखती पहिल्याच महिन्यापासून धरा, वाचन जोडीने चालू द्या.

मग कॅलेंडरवर गणपती आणि शिमगा यांना खूण करा. तेव्हा शाहीर खोलीला कुलूप लावून गावी गेलेले असतात. त्या दिवसांत परळमधल्या मुलाखती दाखवल्यात, तर जाणकार परीक्षक तिथेच अडेल. गणपतीत जाखडी (याच गाण्यांवरचा कोकणातला नाच) गावच्या अंगणात नाचते, म्हणून तो काळ गावच्या फेरीला द्या. कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं नि बघता बघता भरतं, तेव्हा तिकिटाचं कामही आराखड्यात हवं.

सगळ्यात कमी वेळ धरला जातो तो ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला. साध्या बोलण्याचा एक तास लिहून काढायला पाच-सहा तास सहज जातात. इथे तर संगमेश्वरी बोली, त्यात ढोलकी नि झांजा, वर कोरस. सवालातला पुराणाचा संदर्भ कळला नाही की पुन्हा शाहिरांकडेच जावं लागेल. ती दुसरी खेप आराखड्यात दिसू द्या. गाण्याची वही तर पहिल्या भेटीत कुणी हातात देत नाही, आणि देऊही नये. गुरूकडून आलेली असते ती. छायाचित्रं घेण्याआधी मराठीत लेखी परवानगी घ्या.

फेलोशिप 2 वर्षांची, महिना 10,000 रुपयांची, अहवाल दर सहा महिन्यांनी. म्हणून प्रत्येक सहामाहीअखेर हातात काय असेल ते लिहा. नुसतं ‘मुलाखती पूर्ण’ नको. ‘सहा शाहिरांच्या मुलाखती, त्यांतल्या तीन लिहून तयार, एका वहीची परवानगीसह छायाचित्रं’ असं हवं. एवढ्या पैशांत पन्नास शाहिरांचं आश्वासन कुणालाच खरं वाटत नाही.

मंजुरी कधी येईल ते आपल्या हातात नसतं. त्यामुळे ‘महिना 1, महिना 2’ असंच लिहा, पण खाली एक ओळ जोडा : सुरुवात कधीही झाली तरी गावची फेरी गणपतीतच होईल, बाकीची कामं त्याप्रमाणे पुढेमागे होतील.