घोडं पेंड कुठं खातं?

शर्यतींबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं देणाऱ्या पशुवैद्य डॉक्टरांनी बरीच वर्षं रेसकोर्सवर घोड्यांचे नमुने घेण्याचं आणि शर्यतीआधी पाय तपासण्याचं काम केलं आहे.

प्रश्न : डॉक्टर, बक्षिसांचे आकडे फुगत चाललेत आणि रेसकोर्स मात्र एकामागून एक बंद पडताहेत. या धंद्यात पैसा येतो कुठून आणि मुरतो कुठे?

बक्षिसाची रक्कम म्हणजे घराचा दिवाणखाना. पाहुणे तेवढाच बघून जातात. मोरी तुंबली आहे का, हे घरच्यांनाच ठाऊक असतं.

पैसा येतो तो मुख्यतः पैजेतून. तिकिटं आणि प्रायोजक ही वरची मिळकत. पैजेचा पैसा खेळात किती राहतो, हे मधे कोण उभा आहे त्यावर ठरतं. टोटमध्ये सगळ्यांच्या पैजा एकत्र होतात, त्यातून ठरलेला हिस्सा कापला जातो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. जोसेफ ओलेरने १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये ही पद्धत आणली. फ्रान्सने १८९१ च्या कायद्याने मैदानावर बुकींना बंदी घातली आणि टोट चालवायचा हक्क शर्यती भरवणाऱ्या, नफा न घेणाऱ्या संस्थांनाच दिला. हाँगकाँगचा जॉकी क्लब याच धर्तीचा. जपानमध्ये १०० येनच्या पैजेतले साधारण ७५ येन खेळणाऱ्यांना परत जातात, १० सरकारच्या तिजोरीत, आणि राहिलेल्यात बक्षीस, धावपट्टी, तपासणी, पगार सगळं बसवतात. सरकारच्या वाट्यावर कुणाला टीका करायची असेल तर करो, पण हिशेब स्वच्छ दिसतो.

बुकीचं तसं नसतं. तो नफा खिशात घालतो, आणि घोडा वाढवणाऱ्याचं तो काही देणं लागत नाही, कायद्याने भाग पाडलं तरच देतो. ब्रिटनने १९६१ मध्ये त्यासाठी 'लेव्ही', म्हणजे शर्यतींसाठीची सक्तीची वर्गणी, लावली. पुढे ऑनलाइन बुकी देशाबाहेर जाऊन बसले आणि लेव्हीला गळती लागली. शेवटी २०१७ मध्ये नियम बदलला : बुकी कुठेही बसो, ब्रिटिश शर्यतींवरच्या पाच लाख पौंडांपुढच्या ढोबळ नफ्यातले १० टक्के द्यायचे. पुढे सरकारने शर्यतींवरचा कर ऑनलाइन कॅसिनोच्या पातळीवर नेण्याचं काढलं, तेव्हा १० सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या शर्यतवाल्यांनी चार मैदानांवरच्या शर्यतीच ठेवल्या नाहीत. पैजेवर उभा असलेला खेळ स्वतःहून एक दिवस बंद राहिला, यावरून किती घाबरले होते ते कळेल.

तिसरी तऱ्हा उसन्या पैशाची. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने १९९८ पासून रेसकोर्सवर जुगाराची यंत्रं बसवू दिली आणि त्यातला वाटा शर्यतींना दिला. बक्षिसं वाढली, त्या भरवशावर घोड्यांची पैदास वाढली. २०१२ मध्ये प्रांताने योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा पोटातल्या शिंगरांचा मालकांनी आधीच हिशेब मांडून ठेवला होता. घोड्याचं गणित तीन-चार वर्षांचं असतं आणि सरकारचं एका अर्थसंकल्पाचं. माझ्या मते खेळाच्या कमाईबाहेरून आलेला पैसा बक्षिसात घालूच नये. त्यातून तबेले बांधा, धावपट्टी करा. पैसा बंद झाला तरी ती मागे उरतात.

आणि मैदानं बंद का पडतात? कारण शर्यतीपेक्षा जमीन महाग झाली. सिंगापूरचा टर्फ क्लब १८४२ चा. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथली शेवटची शर्यत झाली आणि १२० हेक्टर जागा सरकारकडे परत चालली. मकावमध्ये त्याच वर्षी मार्चअखेर खेळ संपला. शिकागोजवळचं आर्लिंग्टन तर एका फुटबॉल संघाने १९.७ कोटी डॉलरना विकत घेतलं. असं मैदान गेलं की मालक, ट्रेनर घोडे घेऊन दुसरीकडे जातात. घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार कुठे जातो, याची बातमी येत नाही.

प्रश्न : इतकी कडक डोप टेस्ट असते म्हणतात. मग तरीही घोड्यांना औषधं देणारे सुटतात कसे?

आधी टेस्ट होते कशी, ते सांगते. शर्यत संपली की जिंकलेला घोडा आणि स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, सांगितलेले आणखी एखाददुसरे नमुन्याच्या खोलीत येतात. मोतद्दार हळू शीळ घालतो. घोड्याला शिळेवर लघवी करायची सवय लावलेली असते. आम्ही लांब दांडीला भांडं लावून कोपऱ्यात उभ्या. एखादा घोडा दोन मिनिटांत मोकळा होतो, एखादा अंधार पडला तरी ढिम्म. मग रक्त. नमुना दोन भागांत, अ आणि ब, सील करायचा, मालकाच्या माणसाची सही घ्यायची. अ मध्ये काही सापडलं तर मालक ब उघडायला सांगू शकतो. या साखळीतली एक सही, एक सील, थंडाव्याचा एक तास जरी चुकला तरी पुढे वकील प्रकरण उडवून लावतो.

मी एका ठिकाणी होते, तिथे नमुन्यांचा फ्रीज बंद पडला होता. अर्ज केले, आठवण दिली, पुन्हा अर्ज केले. बर्फाच्या पेट्या आम्ही पदरच्या पैशाने आणत होतो. त्याच मोसमात सभासदांच्या गॅलरीतली फरशी बदलली गेली. कुणी लाच घेतली, कुणी घोडा विकला, असं तिथे काही घडलं नाही. पण त्या मोसमातला एखादा नमुना दोषी निघाला असता, तर तो टिकला असता का?

आता तुमच्या प्रश्नाकडे. प्रयोगशाळा जे शोधते तेच तिला सापडतं. सोड्याचं उदाहरण घ्या. शर्यतीच्या दिवशी नळीने घोड्याच्या पोटात खायचा सोडा घालतात, म्हणजे स्नायूंतलं आम्ल उशिरा साचतं. यासाठी रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि लिटरला ३६ मिलिमोलच्या वर गेला की कारवाई होते. पण नवं, मागणीनुसार बनवलेलं औषध असेल तर ते शोधायला आधी त्याचा मासला हवा. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये सत्तावीस जणांवर आरोप ठेवले गेले. त्यात हॉर्हे नवारो आणि जेसन सर्व्हिस हे गाजलेले ट्रेनर होते. सर्व्हिसच्या 'मॅक्सिमम सिक्युरिटी'ने जेमतेम दहा दिवसांपूर्वी दोन कोटी डॉलरची पहिली सौदी कप जिंकली होती. तपासणाऱ्यांनी फोनवरची बोलणी ऐकली, त्यातून सगळं बाहेर आलं. नवारोला पाच वर्षं, सर्व्हिसला चार वर्षं तुरुंगवास झाला. बाटल्यांपेक्षा कान उपयोगी पडले.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. २०२१ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेला 'मेडिना स्पिरिट' मिलिलिटरमागे २१ पिकोग्रॅम बीटामेथॅसोनमुळे पुढच्या वर्षी अपात्र ठरला. हे सांध्याच्या सुजेवरचं औषध, एरवी देता येतं, शर्यतीच्या दिवशी रक्तात चालत नाही. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीची 'एस्टिमेट' ही घोडी अॅस्कट गोल्ड कपात दुसरी आली आणि तिच्या नमुन्यात मॉर्फीन निघालं. खाद्यात खसखशीचा अंश मिसळला गेला होता. बक्षीस गेलंच. म्हणून 'डोप सापडलं' एवढी बातमी वाचून मी कुणाला चोर म्हणत नाही. कुठलं औषध, किती, कुठल्या वाटेने आत गेलं, हे आधी विचारते.

प्रश्न : माझा फेव्हरिट घोडा शेवटच्या दोनशे मीटरला ढेपाळला. जॉकीने ओढून धरला असेल का?

बहुधा नाही. लगाम ओढून धरणं ही सगळ्यांत भोळी चोरी. चार बाजूंनी कॅमेरे असतात आणि स्टुअर्डांना जॉकीच्या कोपरांकडे बघायची सवय असते.

शहाणा माणूस हँडिकॅपशी खेळतो. आधीच्या कामगिरीवरून घोड्याच्या पाठीवर वजन दिलं जातं, चांगल्या घोड्याला जास्त. मग दोन-तीन शर्यती त्याला चुकीच्या अंतरावर किंवा अर्धवट तयारीत पळवायचं. जॉकी अगदी प्रामाणिकपणे हरतो. मानांकन उतरलं की हलक्या वजनावर खरी शर्यत लागते.

त्याहून चालणारा धंदा म्हणजे माहिती विकणं. ऑस्ट्रेलियन जॉकी ख्रिस मन्सला हाँगकाँगमध्ये २००७ साली तीस महिन्यांची शिक्षा झाली ती त्यासाठीच. जॉकीने खबरा द्यायच्या आणि बदल्यात दुसऱ्याने जॉकीसाठी पैज लावायची. आता असा विचार करा, सकाळी तबेल्यात घोडा लंगडतोय हे पहिल्यांदा कोणाला कळतं? मोतद्दाराला, स्वारीच्या पोऱ्याला, नालबंदाला. धंद्यात सगळ्यांत कमी पगार त्यांचाच. नियमपुस्तकात त्यांना बोलायला बंदी आहे. बंदीच्या जोडीला भाड्याची खोली आणि वेळेवर पगार दिला असता तर ती पाळली गेली असती.

पैजेची नोंद असली की पकडणं सोपं जातं. २००० मध्ये ब्रिटनमध्ये बेटफेअर ही ऑनलाइन पैजांची बाजारपेठ आली आणि घोडा हरेल यावर सामान्य माणसालाही पैज लावता येऊ लागली. हरण्यात कमाई आली, हे वाईटच. पण प्रत्येक पैजेला नाव आणि वेळ चिकटली, आणि त्या नोंदींवरून पुष्कळजण सापडले. बेकायदा बुकीकडे मागायला काही नसतं. म्हणून कराचा प्रश्न मला प्रामाणिकपणाचाही वाटतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत जुगार नाही, कौशल्याचा खेळ मानली. तरी पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. टोटच्या कमिशनवर कर घेणं वेगळं, पूर्ण पैजेवर घेणं वेगळं. एवढं कापलं जात असेल तर मोठा खेळणारा गल्लीतल्या फोनवर जातो. क्लबाचा पैसा जातो, सरकारचाही जातो. आणि स्टुअर्ड आंधळे होतात, कारण संशयास्पद पैज त्यांच्या पडद्यावर उमटतच नाही.

प्रश्न : एका घोड्यात दहा टक्के हिस्सा मिळतोय. गुंतवणूक म्हणून घ्यावा का?

नाही. हौस असेल तर घ्या. घोडा धावो, न धावो, खाण्याचं, नालबंदाचं आणि आमचं बिल दरमहा येतं.

प्रश्न : घोडे धावपट्टीवर पाय मोडून मरतात त्याला दोष कुणाचा? मैदान खराब असतं की घोडाच मुळात दुखणाईत असतो?

दोन्ही, आणि बहुतेकदा एकाच वेळी. मेलेल्या घोड्याची चिरफाड केली की मोडलेल्या जागेच्या आसपास जुन्या, बारीक इजा दिसतात. हाड आठवडेच्या आठवडे तक्रार करत असतं. शर्यतीच्या सकाळी आम्ही पाय चाचपतो, दुडकी चाल बघतो, तेवढ्यात दोन्ही पायांनी सारखाच दुखणारा घोडा निसटू शकतो, कारण तो लंगडत नाही, फक्त आखडून चालतो.

कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताला डिसेंबर २०१८ च्या अखेरीपासून जूनपर्यंत तीस घोडे मेले. त्या हिवाळ्यात पाऊस धो धो पडला होता. पावसाआधी मातीची धावपट्टी दाबून घट्ट करतात, म्हणजे पाणी वरून वाहून जावं. नंतर पुन्हा उकरून मोकळी करतात. हे वारंवार झालं की खालचा थर एकसारखा राहत नाही. मार्चमध्ये शर्यती थांबवल्या, माती तपासली. आरोप बऱ्याच जणांवर झाले. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. शर्यतीआधीची तपासणी कडक झाली आणि वर्षअखेरीला तिथे घोड्याला उभ्याउभ्या ठेवून खुराच्या वरच्या सांध्याचं पेट स्कॅन करणारं यंत्र आलं. पाय मोडण्याआधी हाड तापलेलं दिसतं. या यंत्रासाठी पैसे जमवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात एखादी नवी ट्रॉफी सहज जाहीर होते.

सुधारणा होते, हे मात्र आकड्यांत दिसतं. अमेरिकेत २००९ मध्ये दर हजार धावांमागे २ घोडे मरत होते. २०२० च्या कायद्याने केंद्रीय प्राधिकरण आलं, जुलै २०२२ पासून त्याचे सुरक्षेचे नियम लागू झाले, आणि २०२४ मध्ये त्याच्या देखरेखीखालच्या मैदानांवर हे प्रमाण ०.९० वर आलं. ०.९० म्हणजेसुद्धा मेलेले घोडेच, पण अर्ध्याहून कमी.

प्रश्न : सामान्य प्रेक्षकाला कसं कळावं की एखादा रेसकोर्स नीट चालवला जातोय?

त्या दिवसाच्या शर्यतींचं कार्ड हातात घेतल्यावर बक्षिसाचा रकाना जरा बाजूला ठेवा. स्टुअर्डांचा अहवाल शर्यतीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उघड होतो का, आणि त्यात नुसता दंड असतो की कारणही असतं, हे पाहा. हाँगकाँगमध्ये कुठल्याही घोड्याचा वैद्यकीय इतिहास कुणालाही वाचता येतो : कधी लंगडला, कधी नाकातून रक्त आलं, किती दिवस विश्रांती घेतली. धावपट्टी किती घट्ट आहे, हे मोजून आकड्यात सांगतात की नुसतं 'चांगली' म्हणतात? डॉक्टरांनी शर्यतीच्या सकाळी एखादा घोडा काढून टाकल्याचं कधी वाचनात आलं का? मोसमभर एकही घोडा काढला नसेल तर तिथली तपासणी कागदावर होते, असं मी खुशाल समजते. आणि जमलं तर पहाटेच्या सरावाला जा. मोतद्दारांच्या खोल्या रस्त्यावरून दिसतात.