कमी दिवसांच्या बाळाचं घरटं शिवताना

अगं, मंगलदास मार्केटातून मऊ मलमल आणलीस ते छान, पण शिवण्याआधी दोनदा धुऊन घे. खळ राहिली तर त्या नाजूक कातडीला लगेच खरचटतं. 37 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे हातपाय सैल पसरतात. पोटात असताना पाय टेकायला भिंत होती, ती आता आपण बाळाभोवती ठेवलेल्या कापडी गुंडाळीची करायची, हेच ते घरटं. पावलं टेकली, मुठी तोंडापाशी आल्या की रडवेलं बाळ कसं निवांत होतं, ते बघच एकदा! गुंडाळी नाकाजवळ मात्र अजिबात नको. शिवण बाहेरून घे, नाडी-बटण लावू नकोस. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा जोड जास्त शिव. आणि हे घरटं फक्त दवाखान्यात मॉनिटरवर, म्हणजे श्वास-ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणाऱ्या यंत्रावर, असलेल्या बाळासाठी. घरी जाताना आईला नीट समजावून सांग: टणक सपाट गादी, बाळ उताणं, उशी-लोड काहीच नाही.