वाचकांचे प्रश्न : मायक्रोसेकंदाचा टायमर आणि आपोआप मंद होणारा दिवा

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून प्रकल्पासाठी ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलर चिपवर २३० व्होल्टच्या दिव्याचा डिमर (प्रखरता कमी-जास्त करणारे सर्किट) करीत आहे. झिरो क्रॉसिंगची, म्हणजे व्होल्टेज शून्यातून जातो त्या क्षणाची, खूण ऑप्टोकपलरकडून (दोन सर्किटे विलग ठेवून प्रकाशाने खूण पोहोचवणारा भाग) मिळते आणि त्यानंतर ३ ते ८ मिलिसेकंदांनी ट्रायॅकला (पल्स मिळाल्यापासून पुढच्या शून्यापर्यंत दिव्याला वीज देणारा स्विच) पल्स द्यायची असते. त्यासाठी मी फ्रीआरटीओएस या लहान चिपांवरील कार्यप्रणालीचा सॉफ्टवेअर टायमर घेतला. शून्य टिकचा (टिक म्हणजे कार्यप्रणालीच्या घड्याळाचा एक ठोका) अवधी तो स्वीकारत नाही, म्हणून किमान एक टिक ठेवली. आता नॉबला हात न लावताही दिवा आठ-दहा सेकंदांत हळूहळू प्रखर होतो, मग एकदम विझल्यासारखा होतो, आणि हेच चक्र चालू राहते. प्रोसेसर २४० मेगाहर्ट्झचा असताना एवढा साधा विलंब का जमत नाही?
— एक विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की सर्किट न पाहताही कारण सांगता येते. प्रोसेसर २४० मेगाहर्ट्झवर चालत असला तरी फ्रीआरटीओएसचा सॉफ्टवेअर टायमर फक्त टिकच्या तालावर पुढे सरकतो, आणि ईएसपी-३२ च्या मूळ विकासप्रणालीत ही टिक सेकंदाला १०० वेळा, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी येते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे अर्धचक्रही १० मिलिसेकंदांचेच असते. त्यामुळे अर्धचक्राच्या आत काय चालले आहे हे या टायमरला दिसतच नाही. तुम्ही ३ मिलिसेकंद लिहा किंवा ८ लिहा, पल्स मिळणार ती पुढची टिक येईल तेव्हाच.

पुढची टिक झिरो क्रॉसिंगनंतर किती वेळाने येईल, हे मात्र स्थिर नसते. देशाच्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवणे अपेक्षित असते. समजा ती ४९.९५ आहे, तर अर्धचक्र १०.०१ मिलिसेकंदांचे होते आणि प्रत्येक अर्धचक्रागणिक टिक ०.०१ मिलिसेकंद अलीकडे सरकते. ट्रायॅक थोडा थोडा लवकर पेटत जातो, दिवा प्रखर होत जातो, आणि सुमारे १,००० अर्धचक्रांनी, म्हणजे साधारण दहा सेकंदांनी, टिक झिरो क्रॉसिंग ओलांडून मागच्या अर्धचक्राच्या शेपटाकडे जाते, की दिवा एकदम मंदावतो. वारंवारता ५० च्या वर गेली की हेच चक्र उलट्या दिशेने फिरताना दिसेल. थोडक्यात, तुमचा डिमर सध्या ग्रिडची वारंवारता मोजण्याचे यंत्र झाला आहे, आणि तेही वाईट नाही.

टिकचा वेग १,००० हर्ट्झ केल्यास पायरी १ मिलिसेकंदाची होईल. परंतु १ मिलिसेकंद म्हणजे अर्धचक्रातील १८ अंश, आणि तेवढी उडी डोळ्याला सहज जाणवते. म्हणून तो मार्ग सोडून द्यावा. त्याच विकासप्रणालीत ‘ईएसपी टायमर’ नावाची वेगळी सोय आहे. तिचा ६४ बिटांचा काउंटर मायक्रोसेकंदांत मोजतो आणि टिकवर अवलंबून नसतो. अगदी लहान अवधी मात्र तिलाही झेपत नाहीत; नियतकालिक टायमरसाठी ५० मायक्रोसेकंद ही खालची मर्यादा धरावी. तुम्हाला हवे असलेले ३ मिलिसेकंद त्यापुढे भरपूर आहेत, त्यामुळे हा बदल केल्यावर ते सरकणारे चक्र नाहीसे होईल.

लुकलुक मात्र कदाचित पूर्ण जाणार नाही. रिझोल्युशन (मोजमापाची सर्वांत लहान पायरी) १ मायक्रोसेकंदाचे असणे आणि पल्स दर वेळी त्याच मायक्रोसेकंदाला निघणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ईएसपी टायमरचे कॉलबॅक (वेळ भरताच बोलावले जाणारे कोडचे तुकडे) एका टास्कमधून, म्हणजे प्रणाली आळीपाळीने चालवते त्यांपैकी एका कामातून, चालतात. तिची प्राथमिकता २२ असते आणि वाय-फायच्या टास्कची २३; मोठ्या आकड्याचे काम आधी चालते. वाय-फाय कामात असेल तेव्हा तुमचा कॉलबॅक मागे राहतो, आणि १०० मायक्रोसेकंदांचा उशीर म्हणजे १.८ अंश. हा उशीर दर वेळी सारखाच असता तर काही बिघडले नसते. रोज नेमकी दोन मिनिटे उशिरा येणाऱ्या लोकलची वेळ माणूस गृहीत धरतो. कधी वेळेवर तर कधी सात मिनिटे उशिरा येणारीच त्रास देते. डिमरमध्ये डोळ्याला खुपतो तो उशीर नव्हे, तर उशीरातील हा फरक, म्हणजे जिटर. कॉलबॅक इंटरप्टमधून, म्हणजे चालू काम थांबवून लगेच, चालवण्याचा पर्याय प्रणालीत आहे आणि त्याने जिटर बराच कमी होतो. तरीही एक खाच उरते. नॉब फिरवताच नवी प्रखरता फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जपून ठेवणारा प्रोग्राम असेल, तर फ्लॅश पुसली किंवा लिहिली जात असताना कॅशे (फ्लॅशमधला कोड प्रोसेसरपर्यंत पोहोचवणारी मधली मेमरी) बंद असते आणि जो कोड आतल्या रॅममध्ये ठेवलेला नाही तो तेवढा वेळ चालतच नाही. त्या अवधीत दिव्याची काही अर्धचक्रे निघून जातात.

माझ्या मते अशा कामात शेवटची पल्स सॉफ्टवेअरच्या हातात ठेवूच नये. ईएसपी-३२ मध्ये मोटर नियंत्रणासाठी दिलेला पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलणारा) विभाग बाहेरच्या पिनवरील खुणेशी आपला टायमर जुळवून घेऊ शकतो. झिरो क्रॉसिंगची खूण त्याला जोडली की काउंटर दर वेळी शून्यावर येतो आणि ठरलेल्या आकड्याला पोहोचताच हार्डवेअरच पल्स सोडते. वाय-फाय काय करीत आहे याच्याशी तिचा संबंध राहत नाही. तुमच्या प्रोग्रामने फक्त प्रखरतेचा आकडा बदलायचा. बोर्ड लॅमिंग्टन रोडवरून आणताना एवढे पाहा की ईएसपी-३२ सी-३ या चिपमध्ये हा विभाग नाही. ऑप्टोकपलरची खूण प्रत्यक्ष शून्याच्या थोडी आधी किंवा नंतर येत असेल, तर तो फरक जवळपास स्थिर असतो. एकदा मोजून वजा केला की पुरे. ऑसिलोस्कोपची (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे उपकरण) अर्थिंगची क्लिप मात्र मोजताना ट्रायॅकच्या बाजूला कधीही लावू नका. मोजमाप ऑप्टोकपलरच्या अलीकडे, कमी व्होल्टेजच्या भागातच करा.

प्रश्न : आमच्या लहान कारखान्यात लेथच्या स्पिंडलचा वेग मोजण्यासाठी मी एसटीएम-३२ एफ-१०३ या मायक्रोकंट्रोलरचा ‘ब्ल्यू पिल’ नावाचा बोर्ड बसवला आहे. टायमर १ मायक्रोसेकंदाने मोजतो आणि ओव्हरफ्लो झाला, म्हणजे कमाल आकडा गाठून पुन्हा शून्यावर आला, की इंटरप्टमध्ये एक मोठा आकडा वाढवतो. बहुतेक वेळा वाचन बरोबर येते, पण दिवसातून काही वेळा ते सुमारे ६५ मिलिसेकंदांनी चुकते. चिप नकली असेल का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : बाजारात नकली चिपा आहेत हे खरे, पण या चुकीचा दोष त्यांच्यावर टाकता येणार नाही. एफ-१०३ चे टायमर १६ बिटांचे असल्यामुळे ६५,५३६ मायक्रोसेकंदांनी ते शून्यावर येतात, आणि तुमची चूक नेमकी तेवढीच आहे. समजा मोठा आकडा ७ आहे आणि काउंटर ६५,५३५ वर आहे. प्रोग्रामने ७ वाचला. तेवढ्यात काउंटर शून्यावर आला, इंटरप्टने आकडा ८ केला, आणि प्रोग्रामने काउंटरमधून २ वाचले. हाती आले ७ आणि २, असायला हवे होते ८ आणि २. वाचण्याचा क्रम उलटा असेल तर ८ आणि ६५,५३५ अशी जोडी मिळते आणि चूक पुढच्या दिशेने होते. ही गाठ क्वचितच पडते, म्हणूनच टेबलावर चाचणी घेताना ती सापडत नाही.

उपाय असा की मोठा आकडा वाचावा, मग काउंटर, मग पुन्हा मोठा आकडा. दोन्ही वेळचे मोठे आकडे जुळले नाहीत तर सगळे नव्याने वाचावे. मात्र हे वाचन इंटरप्ट बंद असताना किंवा दुसऱ्या इंटरप्टच्या आत होत असेल, तर मोठा आकडा वाढायचाच राहिलेला असतो आणि दोनदा वाचूनही तो तसाच दिसतो. अशा जागी काउंटर वाचल्यानंतर टायमरचा ओव्हरफ्लोचा फ्लॅग (ओव्हरफ्लो झाल्याची खूण ठेवणारा बिट) तपासावा. तो उभा असून वाचलेला काउंटर ३२,७६८ पेक्षा लहान असेल, तर मोठ्या आकड्यात स्वतः एक मिळवावा.

याच टायमरवर अलार्म बेतणार असाल तर आणखी एका गोष्टीची काळजी घ्या. पुढची वेळ कंपेअर रजिस्टरमध्ये (काउंटरशी ताडून पाहायचा आकडा ठेवण्याची जागा) लिहिता लिहिता ती वेळ निघून गेली, तर काउंटर पूर्ण फेरी मारून येईपर्यंत अलार्म वाजत नाही. म्हणून रजिस्टर लिहिल्यानंतर काउंटर लगेच पुन्हा वाचावा आणि वेळ टळलेली दिसल्यास काम तिथेच उरकावे. पुढची वेळ ‘आत्तापासून’ न मोजता मागच्या ठरलेल्या वेळेपासून मोजावी, नाहीतर प्रत्येक फेरीतील उशीर साठत जातो.

तुमच्या कामाला खरे तर एवढा खटाटोप नको. कॉर्टेक्स-एम-३ गाभ्यात प्रत्येक क्लॉक मोजणारा ३२ बिटांचा काउंटर असतो. ७२ मेगाहर्ट्झवर तो सुमारे ५९.६ सेकंदांनी शून्यावर येतो आणि एकाच वाचनात पूर्ण आकडा देतो. दोन आकड्यांची वजाबाकी ३२ बिटांच्या बिनचिन्ह (ऋण आकडे नसलेल्या) प्रकारात केली, तर मध्ये एकदा शून्य ओलांडले गेले तरी उत्तर बरोबर येते. टायमरच वापरायचा असेल तर सेन्सर इनपुट कॅप्चरच्या पिनवर घ्यावा. मग पल्स आली त्या क्षणीचा आकडा हार्डवेअर टिपून ठेवते आणि इंटरप्ट थोडा उशिरा पोहोचला तरी मोजमाप बिघडत नाही. आणि एक किरकोळ पण हमखास होणारी गफलत तपासा : ७२ मेगाहर्ट्झचे क्लॉक ७२ ने भागण्यासाठी प्रीस्केलर (क्लॉकला भागणाऱ्या) रजिस्टरमध्ये ७१ लिहावे लागते. तिथे ७२ असेल तर वेळेची सगळी वाचने सुमारे १.४ टक्क्यांनी कमी येतील.

प्रश्न : सोसायटीचा पाण्याचा पंप अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने ठरलेल्या वेळी सुरू होतो, पण रोज काही मिनिटांचा फरक पडतो. जास्त अचूक टायमर लायब्ररी (तयार कोडचा संच) कोणती?
— सोसायटीचे सचिव, बोरिवली

उत्तर : कोणतीही लायब्ररी हा फरक घालवू शकणार नाही, कारण लायब्ररी बोर्डाच्या क्लॉकवरच मोजते. उनो आर-३ च्या मुख्य चिपला क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर जोडलेला असतो. अशा रेझोनेटरमध्ये अर्ध्या टक्क्याची चूक चालते, आणि अर्धा टक्का म्हणजे दिवसाला ७ मिनिटे १२ सेकंद. डीएस-३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल जोडा. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये त्याची चूक दहा लाखांत २ एवढीच असते, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त मिनिटभर. गच्चीवरच्या उन्हात तापणाऱ्या पेटीऐवजी ते पंपाच्या खोलीत बसवा. अर्डुइनोचा मिलिसेकंदांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, त्यामुळे प्रोग्राममध्ये वेळांची थेट तुलना न करता वजाबाकीची तुलना करा आणि तो आकडा ३२ बिटांच्या बिनचिन्ह प्रकारातच ठेवा. उनोवर साध्या पूर्णांकात तो ३३ सेकंदही टिकत नाही.